बाहेरची रेष

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ताई,

वर मायना काय लिहावा ते सुचेना. शाळेत गुरुजींनी थोरल्या बहिणीला लिहायचा मायना घोकून घेतला होता. तो लिहिला आणि खोडला. अकरा वर्षं न बोललेल्या भावाला तो शोभत नाही. म्हणून नुसतं ताई.

रविवारी तुझ्या लेकीचा फोन आला. तिच्यावर रागावू नकोस. "मामा, मी फोन केला ते आईला सांगू नका," असं म्हणाली आणि मग बराच वेळ नुसती रडली. पोर तुझ्यासारखी आहे. रडून झाल्यावर एका दमात सगळं नीट सांगितलं. डाव्या स्तनात गाठ होती, वाटाण्याहून थोडी मोठी. सोळा जानेवारीला काढली. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या, काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या आहेत, केमोची गरज नाही. रोज एक गोळी, आणि रेडिएशन. गोळी घेईन म्हणालीस. रेडिएशन घेणार नाही म्हणालीस.

"का नाही म्हणते?" असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आजीला कशाने नेलं ते मामाला माहीत आहे, असं म्हणते," ती म्हणाली.

ताई, तू आता चोपन्नची. आईला गाठ निघाली तेव्हा आईही चोपन्नचीच होती, तीही डावीकडेच. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, रेडिएशनच्या या कामात तिसरं वर्ष चालू होतं. आई नको म्हणत होती, तूही नको म्हणत होतीस. मीच दोघींना समजावलं आणि आमच्याच दवाखान्यात तिला पाच आठवडे रेडिएशन दिलं. अकरा वर्षांनी तिचं हृदय गेलं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूला जुन्या पद्धतीने किरण दिले असतील तर हृदयाच्या नळ्या अशा आकसू शकतात. तू वळून माझ्याकडे बघितलंस. "तुझ्या यंत्राने खाल्लं तिला," म्हणालीस. मी म्हणालो, "यंत्राला दोष देऊ नकोस." त्यानंतर आपण बोललेलो नाही.

मला माफ कर असं सांगायला हे पत्र नाही. ऑपरेशननंतर साधारण आठ आठवड्यांत रेडिएशन सुरू झालेलं बरं असतं. म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत. तेवढाच वेळ आहे, म्हणून लिहितोय. माझ्याकडे येऊ नकोस, हवं तर तुझ्या तिथे घे. पण घे.

देव तुला सुबुद्धी देवो असं लिहिणार होतो. सुबुद्धी तुला माझ्यापेक्षा जास्तच आहे. त्याच्याकडे दुसरं काहीतरी मागतो.

तुझा भाऊ


मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताई,

माझंच पत्र परत आलं. मागे पेन्सिलीने लिहिलेलं, "आईलाही तू असंच समजावलं होतंस." बरं वाटलं. टोमणा का असेना, अक्षर तुझं आहे.

आज समजावत नाही. दुकानदार गठ्ठे सोडून दाखवतो तसं काय काय आहे ते दाखवतो. घ्यायचं ते घे, नाहीतर दुकानातून उठून जा.

आमच्याकडच्या बायका सगळ्यालाच 'लाइट' म्हणतात. "आज माझी लाइट कितवी?" असं विचारतात. पण लाइट एक नाही.

आईला दिली ती कोबाल्टच्या यंत्रावर. पंचवीस दिवस. तेव्हा आम्ही कातडीवर जांभळ्या शाईने दोन रेषा मारायचो, आतली छातीच्या मधोमध आणि बाहेरची काखेखाली. त्या दोन रेषांना धरून किरण तिरके, छाती घासून जायचे. आत हृदय नेमकं किती जवळ आहे ते आम्हाला दिसत नसे. अंदाज आणि पट्टी यांच्यावर काम. ते यंत्र जाऊन चौदा वर्षं झाली. भिंती फार जाड आहेत म्हणून ती खोली पाडली नाही, तिथे आता जुन्या फायली ठेवतात.

आता आधी स्कॅन काढतात. डॉक्टर पडद्यावर हृदय लाल रंगाने गिरवतात आणि आमच्या फिजिसिस्ट बाई किरणांची वाट त्या लाल रंगाला चुकवून आखतात. बाईंना आम्ही पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणतो. त्यांना माहीत आहे. "निदान सरळ आहे म्हणा," म्हणतात.

पूर्ण स्तनाला द्यायचं तर पंचवीस दिवस लागत नाहीत. रोजचा डोस थोडा वाढवून पंधरा दिवसांत तेच काम होतं. दहा-दहा वर्षं बायकांवर लक्ष ठेवून पाहिलेलं आहे, दोन्हींत फरक नाही, उलट कातडी कमी भाजते. आता काही ठिकाणी पाच दिवसांतही उरकतात. त्याचेही आकडे चांगले आहेत, पण ती पद्धत वयाने लहान आहे. मी स्वभावाने जुन्या चपला घालणारा, तुला ठाऊक आहे.

दुसरा प्रकार म्हणजे सगळ्या स्तनाला न देता, गाठ जिथे होती तेवढ्याच भागाला देणं. तुझ्यासारख्या लहान गाठीत ते चालू शकतं, काय ते डॉक्टर सांगतील. हृदयाला कमी लागतं. कुणी ते बाहेरून देतात, कुणी बारीक नळ्या आत बसवून. ऑपरेशनच्या टेबलावरच एकदा देऊन टाकायचीही पद्धत आहे, पण ती वेळ तुझी गेली.

काही ठिकाणी यंत्र भोवती फिरत किरण देतं. त्याने मुख्य जागी डोस छान एकसारखा बसतो, पण थोडा थोडा डोस इकडेतिकडे, दुसऱ्या बाजूलाही शिंपडला जातो. दिसायला भारी म्हणून लगेच हो म्हणू नकोस. विचार. काही बायकांना पालथं झोपवून देतात. स्तन जड असेल तर त्याने बरं पडतं.

आणि डाव्या बाजूसाठी एक साधी युक्ती आहे. दीर्घ श्वास घेऊन धरून ठेवायचा. फुप्फुस भरलं की हृदय खाली आणि मागे सरकतं, छातीच्या भिंतीपासून दूर जातं. तेवढ्या वेळात किरण द्यायचे. वीस सेकंद. मग सोडायचा. पुन्हा घ्यायचा. असं चार-पाच वेळा.

काहीच न घेता गोळीवर राहिलं तर? सत्तरीच्या आसपासच्या काही बायकांना डॉक्टर स्वतःच तसं सांगतात. तू चोपन्नची आहेस. लाइट घेतली तर त्याच जागी पुन्हा उगवायची भीती निम्म्याहून खाली येते. हे मी माझ्या यंत्रासाठी म्हणत नाही.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका कालपासून येतात, काखेतल्या गाठींमुळे त्यांना पंचवीस दिवस आहेत. पहिल्याच दिवशी टेबलावरून उठता उठता मला म्हणाल्या, "जन्मभर पोरांना गप्प बसा म्हणत आले. आता तुम्ही मला श्वाससुद्धा विचारून घ्यायला लावताय."

तुझा भाऊ


बुधवार, १९ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. "दुकान चांगलं आहे. श्वास धरायचं नवीन दिसतं. तेव्हा का नव्हतं?"

तेव्हा छातीचं हलणं मोजायला काही साधन नव्हतं. आता पेशंटच्या पोटावर एक लहानशी डबी ठेवतात, कॅमेरा ती बघतो आणि श्वास खाली आला की किरण आपोआप थांबतात. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. आईला जे दिलं ते त्या काळच्या नियमाने दिलं.

वरचं वाक्य मी तीनदा वाचलं. राहू देतो.

श्वास धरण्यात तुला कुणी हरवू शकेल असं मला वाटत नाही. शाळेमागच्या तळ्यात तू बुडी मारायचीस आणि मी काठावर बसून मोजायचो. माझं मोजणं लवकर लवकर व्हायचं, घाबरल्यामुळे. वर आलीस की म्हणायचीस, "खोटारड्या, चाळीस कुठले, तीसच असतील." एकदा तू वर येईनास म्हणून मी गुरुजींना हाका मारत पळालो. गुरुजी धोतर सावरत आले, तर तू काठावर बसून केस पिळत होतीस. मार मला बसला.

यंत्राच्या खोलीबाहेर आमचं टेबल आहे. पडद्यावर आत झोपलेली बाई दिसते, माइकवरून बोलायचं असतं. "श्वास घ्या. धरा." मग मनात मोजायचं. "सोडा." दिवसातून दीडशे वेळा म्हणतो. माझ्यासोबत एक तरुण मुलगी आहे, फार बोलते म्हणून तिला आम्ही चिमणी म्हणतो. ती म्हणते, "काका, तुम्ही 'सोडा' म्हणताना देवाला सोडल्यासारखं म्हणता. जरा हसून म्हणा की."

सकाळी यंत्र चालू करण्याआधी मी दार लावून दोन मिनिटं उभा राहतो. मागणं एकच असतं. आज माझ्या हातून कुणाला चुकीच्या जागी लागू नये. चिमणीला वाटतं मी भाविक आहे. आहेही. पण तेवढ्यासाठी उभा राहत नाही.

आज सतरा दिवस झाले त्या फोनला. तू अजून हो म्हटलेलं नाहीस. तारीख जवळ येते आहे.

तुझा भाऊ


रविवार, २३ फेब्रुवारी

ताई,

आईला जे दिलं ते त्या काळच्या नियमाने दिलं, हे खोटं आहे.

तुझी लेक काल पुन्हा बोलली. तू म्हणालीस म्हणे, "मामाला विचार, आईच्या बाबतीत काही चुकलं होतं का? तो नाही म्हणाला तर मग हे यंत्रच तसं आहे. नीट देऊनही मारतं. मग मी कशाला घेऊ?" तू बरोबर प्रश्न विचारला आहेस. माझ्या गप्प बसण्यावर तुझं 'नाही' उभं आहे हे मला काल कळलं. बावीस वर्षं मला वाटत होतं की मी गप्प बसतो त्याने फक्त माझंच नुकसान होतं.

आता सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा होणार नाही.

पेशंटला आम्ही सांगायचो, रेषांना साबण लावू नका, फिकट झाल्या तर सांगा, आम्ही परत मारू. आईला रोज आंघोळ लागायची, उकाड्याचे दिवस होते, रेषा पुसट व्हायला लागल्या. परत मारायच्या म्हणजे पुन्हा पदर काढून झोपायचं आणि कुणीतरी पट्टी, पेन घेऊन अंगावर वाकायचं. पहिले काही दिवस आमच्या थोरल्या तंत्रज्ञांनी, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी, तिला टेबलावर घेतलं होतं. ते आजारी पडून रजेवर गेले. तिथे मी एकटा उरलो.

तेव्हा घरच्या माणसाचं काम दुसऱ्याने करायचं असा नियम आमच्याकडे नव्हता. असता तर काय झालं असतं, हा विचार करून करून झिजवून टाकलाय.

आईने रेषा स्वतःच गिरवल्या. आरशासमोर उभी राहून, माझ्याच टेबलावरून नेलेल्या पेनाने. मुलासमोर पुन्हा तसं झोपायला नको म्हणून. आणि मला त्रास नको म्हणून. उभं राहिलं की स्तन खाली ओढला जातो, कातडी सरकते. उभ्याने मारलेली रेष झोपल्यावर दुसरीकडे जाते. बाहेरची रेष दीड सेंटिमीटर मागे गेली. म्हणजे किरण तेवढे खोल, हृदयाच्या बाजूला.

हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. दोन रेषांमधलं अंतर कागदावर लिहिलेलं असतं. रोज पट्टी लावून ते बघायचं, मगच पुढे जायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्यासाठी बघावं लागतं. मी खोलीतला दिवा मंद करायचो, मान वळवायचो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून यंत्राच्या उजेडाची चौकट रेषेला टेकवून बाहेर यायचो. आईची लाज राखतोय असं वाटायचं मला. त्या दिवसांत मला स्वतःचा अभिमानही वाटला होता, ताई. इतका चांगला मुलगा आहे मी.

नऊ दिवस. पंचविसातले नऊ.

दहाव्या दिवशी थोरले परत आले. आईला टेबलावर घेतलं, लगेच पट्टी लावली आणि मला आत बोलावलं. "ही शाई आपली नाही. किती दिवस असं चाललंय?"

मी म्हणालो, "काल-परवा पुसट झाल्या असतील."

त्यांनी रेषा कागदावरून नव्याने मारल्या. दोन दिवसांचा फरक म्हणून काही लिहिलं नाही. माझ्या शब्दावर. नऊ म्हणालो असतो तर डॉक्टर बसले असते, उरलेल्या दिवसांचा हिशेब बदलला असता, पुढची अकरा वर्षं तिच्या हृदयावर कुणीतरी लक्ष ठेवलं असतं. आता ते थोरले नाहीत.

त्या दिवशी घरी जाताना आईने विचारलं, "चुकलं का रे माझं काही?"

मी म्हणालो, "नाही गं. तू नीट केलंस सगळं."

त्या नऊ दिवसांनीच तिचं हृदय नेलं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा नीट दिलं तरी डाव्या बाजूला हृदयाला थोडं लागायचंच. कुणीच सांगू शकणार नाही. पण तू जे विचारलंस त्याचं उत्तर हो आहे. चुकलं होतं. यंत्राचं नाही, माझं. "यंत्राला दोष देऊ नकोस," एवढं अर्धं खरं मी तेव्हा बोललो आणि तुला अकरा वर्षं अर्ध्यावर ठेवलं.

आता तू यंत्राला भिऊ नकोस. माझा राग कर, आणि लाइट घे.

हे पत्र वाचून तू फाडशील याची मला भीती वाटत नाही. न वाचता फाडशील याची वाटते. म्हणून पाकिटावर तुझ्या लेकीचं नाव घालतो आहे. ती तुला वाचून दाखवेल. म्हणजे तिलाही कळेल. ते बरोबरच आहे.

भाऊ


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

ताई,

काल संध्याकाळी तुझं पत्र भाचीने स्वतः आणून दिलं. घरात आली नाही. "आईने हातातच द्यायला सांगितलंय," म्हणाली. मामा म्हणाली नाही.

चार ओळी आहेत. आता मला पाठ आहेत.

"तुमच्याकडेच येते. रेषा तू बघायच्या, मान न वळवता. आणि ते नऊ दिवस आईच्या कागदावर लिहायचे. तुझ्या सहीने, आधी."

मी सकाळीच फूटपट्टी बाईंकडे गेलो. उभ्यानेच सगळं सांगितलं. त्या चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या.

"बावीस वर्षं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी तुम्हाला नव्या पोरांना शिकवायला बसवते. बाकी काही शिकवू नका, पट्टी लावायला शिकवा, असं तुम्हीच त्यांना सांगता."

"हो."

"आता कळलं का सांगता ते." मग म्हणाल्या, "हे मला आजच वर कळवावं लागेल. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही."

दुपारपर्यंत निरोप आला. चौकशी होईपर्यंत मी एकट्याने कुणालाही टेबलावर घ्यायचं नाही. तुझ्याबद्दल बाईंना विचारलं. नियमाप्रमाणे घरच्या माणसाला मी हात लावायचा नाही. तुझी अट सांगितली. म्हणाल्या, "हा नियम मान वळवणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही बघा. तुमच्यानंतर ती मुलगी बघेल, तिच्यानंतर मी. तिघांचे आकडे जुळले तरच यंत्र चालू होईल."

मग जुन्या खोलीत गेलो. कोबाल्टची खोली. दार अजून तेवढंच जड आहे. जिथे टेबल होतं तिथे आता लोखंडी मांडण्या आहेत. आईची फाइल सापडायला दोन तास लागले. कागदावर पंचवीस चौकोन आहेत, रोज ज्याने दिलं त्याची सही. आठ ते सोळा या चौकोनांत माझी. सही करताना तेव्हा मी शेवटचं अक्षर लांब ओढायचो. नऊ वेळा ओढलंय.

खाली लिहिलं: "आठ ते सोळा या नऊ दिवसांत बाहेरची रेष दीड सेंटिमीटर मागे होती. अंतर मोजलं नाही. विचारल्यावर दोन दिवस असं खोटं सांगितलं." सही केली, आजची तारीख घातली. बाईंनी त्याखाली त्यांची सही केली. त्याची प्रत यासोबत आहे.

सोमवारी सकाळी नऊला स्कॅनसाठी ये. सैल कपडे घाल. पंधरा दिवसांची पद्धत, श्वास धरून, असं डॉक्टर म्हणताहेत. पाच दिवसांचं हवं असेल तर त्यांना विचार. माझ्या जुन्या चपलांकडे बघू नकोस.

भाऊ


शनिवार, २९ मार्च

ताई,

काल तुझा शेवटचा दिवस झाला आणि तू घरी गेलीस. पंधरा दिवस तू रोज माझ्यापासून हातभर अंतरावर होतीस, म्हणून पत्र लिहिलं नाही. आज लिहितोय.

पहिल्या दिवशी मी आत आलो तेव्हा तू छताकडे बघत होतीस. मी दिवा पूर्ण चालू ठेवला. बाहेरच्या रेषेवर पट्टी ठेवली, आकडा वाचला. पट्टी उचलून पुन्हा ठेवली तेव्हा चिमणी म्हणाली, "काका, मी धरू का?" तू छताकडे बघतच म्हणालीस, "त्यालाच धरू दे." तुला आईसारखाच डाव्या कुशीवर तीळ आहे हे मला माहीत नव्हतं. आईचा मी कधी बघितला नव्हता. थोरल्यांनी रेषा नव्याने मारल्या त्या दिवशी दिसला, तेवढाच.

चिमणीने वाचलं, मग बाईंनी. तिन्ही आकडे एक निघाले. रोज निघाले.

नंतर पंधराही दिवस आपलं बोलणं माइकवर. श्वास घ्या, धरा, सोडा. सगळ्यांना म्हणतो तसं तुलाही अहो-जाहो केलं. तू एका शब्दानेही बोलली नाहीस. त्या निवृत्त शिक्षिकेशी मात्र बाकावर बसून मनसोक्त बोलायचीस. त्यांचं संपलं त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला विचारलं, भाऊ इथेच आहे तर बरंय ना? म्हणाली, बरं नाही, पण बघतो नीट."

ते वाक्य मी ठेवून घेतलंय.

काल शेवटचा श्वास. पडद्यावर तुझ्या श्वासाची रेघ वर गेली आणि तिथेच थांबली, पाण्यासारखी सपाट. वीस सेकंदांत किरण संपले. यंत्राचा आवाज बंद झाला. मला सोडा म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. आता म्हटलं की संपलं, उद्यापासून तू समोर नसशील, एवढंच डोक्यात आलं. चिमणी माझ्याकडे बघत होती. रेघ तशीच सपाट. शेवटी तिनेच माइक ओढला आणि म्हणाली, "सोडा, सोडा मावशी!"

कपडे करून बाहेर आलीस आणि माझ्या टेबलासमोर थांबलीस.

"सोडा म्हणायला विसरलास."

"हो."

"किती झाले?"

"एकतीस."

"खरे?"

"खरे. पडद्यावर आहेत."

तू पिशवी खांद्यावर घेतलीस. "माफ केलं असं समजू नकोस," म्हणालीस. "मी जगायला आले होते."

"कळलं," म्हणालो. तुझ्यामागून दारापर्यंत आलो नाही, यायला नको होतं म्हणून.

मी एक सांगायचं विसरलो, म्हणून हे पत्र. पुढचे दोन आठवडे कातडी लाल होईल, खाज येईल, दिलेलं मलम लाव. आता रेषा आपोआप जातील, साबण लावला तरी चालेल. पुढच्या प्रत्येक तपासणीला डॉक्टरांना हृदयही बघायला सांग. काही नसलं तरी सांग. आईला हे कुणी सांगितलं नाही.

काल संध्याकाळी चौकशीचा निकाल आला. सोमवारपासून मी यंत्रावर नाही. मला जुन्या फायलींवर ठेवलंय. प्रत्येक फाइल उघडून त्यातले आकडे संगणकात घालायचे आहेत. कोबाल्टची खोली, तेच दार. घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "तिथे उजेड तरी आहे का?" आहे. मोठा दिवा लावून दिलाय बाईंनी.

सकाळी तिथे पाच मिनिटं उभा राहीन. मागायला आता काही नाही. माझ्या हातून कुणाला लागण्यासारखं काही उरलं नाही. तरी उभा राहीन. आईचं टेबल होतं ती जागा मला माहीत आहे.

तू ऐंशीची होशील तेव्हा मी पंचाहत्तरचा असेन. तोपर्यंत बोलली नाहीस तरी चालेल. तू ऐंशीची हो.

तुझा भाऊ